जुनी व्हॅन बघायला जाताना चार फुटी पाइप न्या

पाइप पीव्हीसीचा, पाऊण इंची, प्लंबिंगच्या कुठल्याही दुकानात कापून मिळतो. तो खांद्यावर टाकून आणि पर्समध्ये टेप घालून मी दोन महिन्यांत सात जुन्या व्हॅन बघितल्या. एक कोलशेतला, दोन कळव्यात, बाकीच्या ऐरोली ते नेरूळ. विकणारा आधी पाइपाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि मग विचारायचा, "मॅडम, साहेब येतायत ना?" साहेब घरी होते. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी शिकले.

पाइपाचं कारण असं, की माझ्याकडे तारे बघायची आठ इंची डॉब्सोनियन दुर्बीण आहे. आठ इंच हा आरशाचा व्यास. नळी चांगली चार फूट लांब, आणि ती ज्यावर फिरते तो लाकडी पाट वेगळा. अमावास्येच्या आसपासच्या शनिवारी आमचं पाच-सहा जणांचं टोळकं वांगणीला जातं, कारण आमच्याकडून लोकलच्या टप्प्यात इतका काळोख दुसरीकडे मिळत नाही. चार वर्षं मी ही नळी गादीत गुंडाळून कोपरखैरणे ते ठाणे आणि ठाण्याहून कर्जत लोकलच्या मालडब्यातून नेली. मासळीच्या टोपल्यांशेजारी. एकदा एका मावशींनी विचारलं, "बाई, तोफ आहे का?"

शिवाय गच्चीवर चाळीस कुंड्या आहेत, त्यांना माती आणि शेणखत लागतं. गणपती आणायचा असतो. नणंदेचं कपाट इकडून तिकडे जात असतं. दर वेळी टेम्पो सांगायचा आणि त्याची वाट बघत बसायचं, याचा कंटाळा आला होता.

तर गाडी बघायला निघण्याआधीचं काम घरात बसून करायचं आहे. तुम्ही खरोखर काय नेणार, त्याची यादी करा आणि प्रत्येक वस्तू मोजा. सगळ्यात लांब वस्तूएवढा पाइप कापून घ्या. "भरपूर जागा आहे ताई, घर मावेल" असं सगळेच विकणारे म्हणतात. पाइप आत ठेवून दार लावलं की ते गप्प होतात. सुतारकामाची हौस असेल तर आत्ताच सांगते, ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची अख्खी शीट या छोट्या व्हॅनमध्ये आडवी बसत नाही. मध्ये चाकांचे उंचवटे येतात, आणि आठ फूट लांबी पुढच्या सीटांमुळे मिळत नाही. प्लायच्या दुकानातच कापून घ्यायची, म्हणजे प्रश्न मिटतो. त्यासाठी मोठी गाडी घेऊ नका. फ्रिजची गोष्ट वेगळी. तो उभा न्यायला हवा, म्हणून मागच्या दाराची उंची मोजा. बाहेरून गाडी उंच दिसते, पण दाराची चौकट कमी भरते आणि तिथेच अडतं.

जागा घरासमोरचीही मोजा. आमचं सिडकोचं बैठं घर. समोर साडेबारा फूट मोकळं, पुढे शेजाऱ्यांचा तुळशीकट्टा. मी शेवटी घेतली ती मारुतीची ईको व्हॅन ३६७५ मिलिमीटर लांब आहे, म्हणजे बारा फुटांना किंचित जास्त. बसते. पण मागचं दार वर उघडतं आणि तेव्हा मागे माणूस उभा राहायला जागा उरत नाही. म्हणून मी सामान बाजूच्या सरकत्या दारातून काढते. आमच्यासारख्या गल्लीत सरकतं दार म्हणजे निम्मी गाडी.

आता कुठली व्हॅन. खरं तर बजेट कमी असेल तर दोनच नावं समोर येतात. ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन या नावाने आली, १९८८ पासून ती ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये बंद पडली. ईको जानेवारी २०१० ची. मध्ये २००१ साली व्हर्सा आली होती, ती फारशी चालली नाही. ईको म्हणजे तिचंच साधं, स्वस्त रूप. व्हर्सा कुणी फुकट दिली तरी मी घेणार नाही, कारण तिच्या खास भागांसाठी तुम्ही भंगारवाल्यांकडे फिरत राहाल.

ओम्नीवर माझा जीव आहे. आमच्या लग्नाची वरात ओम्नीतूनच आली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, मारुती ८०० चंच. चार गिअर. कुठल्याही गावचा मिस्त्री डोळे मिटून खोलतो. लांबी ३३७० मिलिमीटर, म्हणजे जिथे तिथे शिरते. पण पुढे बसलेल्या माणसाच्या गुडघ्यापुढे पत्रा आणि काच, एवढंच. ईकोचंही फार कौतुक नको. २०१६ मध्ये गाड्यांची टक्कर-चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने एअरबॅग नसलेली ईको आपटून बघितली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, त्यामुळे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांत ती नसणार. हे माहीत असून मी घेतली, कारण माझा वापर ठाणे-बेलापूर रोड आणि वांगणी एवढाच, आणि तोही ताशी साठच्या आत. ज्यांना दर आठवड्याला मुलाबाळांना घेऊन एक्स्प्रेसवेने पुण्याला जायचंय, त्यांनी व्हॅनचा नाद सोडून तेवढ्याच पैशांत जुनी कार बघावी.

मी ईको धरली ती तीन कारणांनी. ११९६ सीसीचं इंजिन, त्यामुळे माती भरली तरी चढाला रडत नाही. गिअर पाच. आणि ओम्नीच्या बऱ्या गाड्या आता पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१० ची गाडी २०२५ मध्ये फिटनेस तपासणीला न्यावी लागते, पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी करून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून त्याची नुसती फी ६०० वरून ५,००० झाली, वर पर्यावरण कर. ऐंशी हजारांच्या गाडीला हे जड जातं. विकणारा नेमका त्या वर्षाच्या आधी विकतो.

एक उणं आधीच सांगून ठेवते. त्या काळच्या ईकोला पॉवर स्टीअरिंग नाही. चालती असताना कळत नाही, पण गल्लीत गाडी लावताना खांदा बोलतो. ज्यांचा खांदा आखडलाय त्यांनी शोरूमच्या मोकळ्या आवारात चालवून भुलू नये. पाच-सहा वेळा पुढे-मागे करून अरुंद जागेत लावून बघावी.

पाच सीटची घ्या, सातची नको. सातच्या गाडीत मागे सामानाला हातभर जागा उरते. "सीट काढून टाकू" असं लोक म्हणतात. आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, सात लिहिलेलं असताना सीट कायमची उपटली तर ते गाडीत केलेला बदल या सदरात जातं, त्याला आरटीओची परवानगी लागते. अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तेच मोजते. पाच सीटच्या गाडीत माझी नळी मागच्या सीटवर आडवी, खाली गादी, वरून सीटबेल्ट. पाट आणि खुर्च्या डिकीत.

पिवळ्या पाटीच्या, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या गाडीकडे बघूही नका, मग ती कितीही चकचकीत असो. पांढऱ्या, म्हणजे खासगी पाटीत आणायचा कागदी खटाटोप आहेच, आणि ती गाडी रोज शाळेची मुलं नाहीतर कुरिअरची खोकी घेऊन शंभर ठिकाणी थांबत गेलेली असते. क्लच, दारं आणि मागचा पत्रा यांचा भुगा झालेला असतो. पांढऱ्या पाटीवरही शाळेची मुलं नेणारे असतात. मागच्या सीटखाली बघा. माझ्या बघण्यातल्या एका गाडीत सीटच्या सांध्यात पेन्सिलीचे तुकडे, खोडरबर आणि एक दुधाचा दात सापडला. "घरगुती वापर, मॅडम."

आता मुद्द्याचं. सगळे आधी इंजिन बघतात. तुम्ही इंजिन सगळ्यात शेवटी बघा. आधी पत्रा, मग कागद, मग इंजिन. इंजिनाला पैसे लावले की ते सुधारतं, या गाड्यांच्या बाबतीत तर परवडेल इतक्यात. कुजलेला पत्रा आणि सडलेले कागद यांना पैसे लावत राहावं लागतं.

मी वाशीच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञानाच्या प्रयोगशाळेत होते. दर वर्षी तीन परीक्षानळ्यांत खिळे टाकायचे. एकीत साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा राहावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड. गंज पहिलीतच, कारण त्याला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. मीठ असलं की काम आणखी झपाट्याने होतं. आता आपली जागा बघा. एका बाजूला ठाण्याची खाडी, चार महिने पाऊस, खाऱ्या हवेत उघड्यावर उभी गाडी. पहिल्या परीक्षानळीतला खिळाच तो. त्यामुळे गाडी कुठे उभी राहायची हे विचारा. खाडीलगतच्या सेक्टरात उघड्यावर दहा वर्षं काढलेली गाडी आणि इमारतीखाली राहिलेली गाडी यांच्या किमतीत मी वीस हजारांचा फरक धरते. हा माझा हिशोब, बाजाराचा नव्हे.

बघायचं कसं ते सांगते. जुनी चटई किंवा पुठ्ठा घेऊन जा आणि गाडीखाली झोपा. लाज बाळगू नका. दारांच्या खालची लांब पट्टी, चाकांच्या वरच्या कमानी, सरकत्या दाराचा खालचा रूळ, पुढच्या काचेखालचा कोपरा, आणि गाडीखालून लांबीत जाणारे दोन बीम. ओम्नीत मागच्या स्प्रिंगचे पाटे जिथे टांगलेले असतात ती जागाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. ठणठण आवाज आला तर पत्रा आहे, भद्द आवाज आला तर आत पोकळ किंवा पुट्टी. बाहेरून पुट्टी ओळखायला फ्रिजवरचा लोहचुंबक रुमालात गुंडाळून फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा नाही. मग आतली मॅट उचला. विकणारा म्हणेल "चिकटवलीय, निघत नाही." निघते. नाही निघाली तर तुम्ही निघा.

कोलशेतच्या गाडीत मी इथेच वाचले. नवा पांढरा रंग, नवी सीटकव्हरं, स्टीअरिंगला लेदरचं आवरण, अगरबत्तीचा वास. मी मॅट उचलली तर खाली दुसरी मॅट, तिच्याखाली डांबरासारखा काळा लेप, आणि त्याच्यावर बोट दाबलं तर ते खाली गेलं. खालून जमीन दिसली. विकणारा शांतपणे म्हणाला, "वेल्डिंग मारून देतो ना." बीमवरच्या वेल्डिंगवर विश्वास ठेवून कुणाच्या पोराला मागे बसवायचं?

पाण्यात बुडालेली गाडीही पत्र्यावरूनच कळते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाशी मातीची रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं. सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट तपकिरी, बाकी सगळं नवं, हेही लक्षण. अगरबत्तीचा वास आला की खिडक्या बंद करून दहा मिनिटं आत बसा. मूळचा वास वर येतो.

म्हणून माझं मत, गाडी भर पावसात बघा. लोक उन्हाळ्यात बघतात, तेव्हा सगळं कोरडं आणि गोड असतं. पावसात कुठून गळतं, वायपर काच पुसतो की नुसता फिरतो, ओल्या चाकांना ब्रेक कसे लागतात, सगळं आपोआप दिसतं. पाऊस नसेल तर सोसायटीच्या वॉचमनला वीस रुपये देऊन टपावर नळी सोडा.

कागदांचं थोडक्यात सांगते, पण हे वगळू नका. नंबर मिळाला की परिवहनच्या ॲपवर टाका. नोंदणी कधीपर्यंत, इंधन काय, विमा आणि पीयूसी कधी संपतात, कर्जाचा बोजा आहे का, ते दिसतं. गाडी कितव्या मालकाची ते आरसीवर बघा. बोजा असेल तर विकणाऱ्याने बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवला पाहिजे, तोंडी "लोन कधीच फिटलं" चालत नाही. मग राज्याच्या ई-चलनच्या साइटवर थकलेला दंड बघा. तिथे गाडीच्या नंबरासोबत चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, म्हणजे चासी नंबर दाखवायला टाळाटाळ करणारा विकणाराही तिथेच उघडा पडतो. माझ्या गाडीवर अकरा चलनं निघाली, त्यांतली सात मुंब्रा बायपासची. ती त्याने माझ्यासमोर भरली, मग मी टोकन दिलं. चासी नंबर गाडीवर स्वतः वाचा, आरसीशी एकेक अक्षर ताडून बघा. आकड्यांच्या भोवती खरवडल्याची किंवा नव्या रंगाची खूण असेल तर चहाही न पिता परत या.

एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट लागलीय का तेही विचारा. नसेल तर ते काम तुमच्या गळ्यात.

एमएच-०४ ठाणे, एमएच-४३ नवी मुंबई, एमएच-०५ कल्याण, एमएच-४६ पनवेल. यातली कुठलीही चालेल. गुजरात किंवा दमणची गाडी दहा-पंधरा हजारांनी स्वस्त दिसते. परराज्याची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि हेलपाटे धरले की ती महाग पडते.

आता इंजिन. ते दोन्ही व्हॅनमध्ये पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलायची आणि आधी नुसता हात जवळ न्यायचा. गरम लागलं तर समजा की तुम्ही यायच्या आधी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होतं की नाही, तेच तर बघायचंय. "उद्या सकाळी सातला येते, तोवर चालू करू नका" म्हणायचं. मी नेरूळच्या गाडीला असं म्हटलं, आणि त्या गृहस्थांनी खरंच चालू केली नाही. तिथेच ते मला आवडले.

सुरू केल्यावर मागे जाऊन धूर बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, हे बहुधा थोडक्यात सुटतं. पांढरा धूर सकाळी दोन मिनिटं असतोच, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत जातंय. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतून दह्यासारखं पांढरट चिकट दिसलं तर पाणी आणि ऑइल एक झालंय, विषय संपला.

क्लच तपासायची एक सोपी युक्ती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मॅडमनी सांगितली होती. मोकळ्या जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन गचका देऊन बंद पडलं पाहिजे. ते तसंच गुरगुरत राहिलं तर क्लच प्लेट संपत आलीय. एकदाच करा, पुन्हापुन्हा करून दुसऱ्याची प्लेट जाळू नका.

या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना जाते, मधून लांब शाफ्ट. त्याच्या सांध्यांतले क्रॉस झिजले की पुढून रिव्हर्समध्ये घालताना खालून 'टक्' असा आवाज येतो. खर्च फार नसतो, पण भाव पाडायला उपयोगी. धावताना ॲक्सिलरेटर सोडल्यावर मागून भुंग्यासारखा सूर निघत असेल तर मात्र तो मागच्या धुरीतल्या दातेरी चाकांचा, म्हणजे क्राउन-पिनियनचा, आणि ते काम खर्चिक.

चालवून बघायला विकणाऱ्याच्या गल्लीत दोन फेऱ्या पुरत नाहीत. ठाण्यात असाल तर उपवनवरून येऊरचा चढ घ्या, नवी मुंबईत बेलापूरला पारसिक हिल. चढाच्या मध्यावर थांबायचं, हँडब्रेकवर धरून बघायचं, पहिल्या गिअरमध्ये उठवायचं. एसी असेल तर चालू ठेवून उठवायचं. उतरताना रेडिओ बंद, काचा खाली, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का ते बघायचं. मग परत आल्यावर सीटवर हात ठेवा. खाली इंजिन असल्याने सीट थोडी गरम होतेच. चटका बसत असेल तर खालचं उष्णतारोधक आवरण गेलंय.

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी छान दिसली तरी टायर सहा-सात वर्षांचा झाला की मी तो संपला असं धरते.

सीएनजीचा मोह मलाही होता. पण नीट बघा. किट आरसीवर चढवलेलं आहे का, म्हणजे इंधनाच्या रकान्यात पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलंय का. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी करावी लागते, तिची तारीख प्लेटवर असते आणि पंपावर ती विचारतात. बाहेरून बसवलेल्या किटचा सिलिंडर डिकी खातो, तेव्हा पाइप पुन्हा बाहेर काढा. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला सीएनजी परवडतो. महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्या माझ्यासारखीने रिक्षांच्या रांगेत अर्धा तास का उभं राहावं? मी पेट्रोलची घेतली, शहरात लिटरला तेरा-चौदा देते, आणि तक्रार नाही.

भावाचं आता सांगते. घ्यायची ती पितृपक्षात घ्या. त्या पंधरवड्यात आपल्याकडे कुणी नवी वस्तू घरात आणत नाही, विकणाऱ्याचा फोन वाजत नाही, आणि पुढे दसऱ्याला त्याला स्वतःची नवी गाडी उचलायची असते. नेरूळच्या गृहस्थांना तेच करायचं होतं. २०१४ ची ईको, पहिला मालक, इमारतीखाली उभी राहिलेली. मागितले २ लाख १५ हजार. मी कागदावर लिहून नेलं होतं, टायर चार, बॅटरी, क्रॉसचा आवाज, मागच्या ब्रेकचे शूज. प्रत्येकासमोर मिस्त्रीने सांगितलेली किंमत. घासाघीस करताना "काहीतरी कमी करा ना" म्हणण्यापेक्षा असा कागद पुढे सरकवला तर माणूस उत्तर देतो. १ लाख ८२ हजारांवर ठरलं. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत. "पितर काय म्हणतील?" मी म्हटलं, तेहतीस हजार वाचले म्हणून खूष होतील. ते त्यांना आवडलं नाही.

रबाळ्याच्या मिस्त्रीला आधी पाचशे रुपये देऊन सोबत नेलं होतं, ते सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे. पण मिस्त्री तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आणि किमतीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतके पैसे हातात राखून ठेवा. मला पहिल्या महिन्यात ३१ हजार लागले. टायर, बॅटरी, शूज, क्रॉस, सगळी ऑइलं, कूलंट, पट्टे.

पैसे देताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद, दोघांच्या सह्यांचा. त्या क्षणानंतरचं चलन तुमचं, आधीचं त्यांचं. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज करा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचं अर्जाशिवाय येत नाही. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर मिळेल असं कुणी सांगितलं तर हसा. जुना फास्टॅग काढून टाका, तो त्यांच्या खात्याला जोडलेला असतो. नाव बदलायचं काम मी एका एजंटाला दिलं आणि तो दीड महिना "साइट बंद आहे" सांगत राहिला. शेवटी भाच्याला बसवून अर्ज ऑनलाइन भरला. एजंटाला पुढचे पैसे काम झाल्यावरच द्या, एवढंच म्हणते.

वापराच्या दोन गोष्टी, ज्या कुणी सांगत नाही. रिकामी व्हॅन मागून हलकी असते आणि ओढणारी चाकं मागेच. वांगणीला भाताच्या खाचराकडच्या कच्च्या वाटेवर चिखलात माझी मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली. गावातल्या चार पोरांनी ढकलली. तेव्हापासून पावसाळ्यात मागे मातीची दोन पोती कायम असतात. आणि मातीची पोती किती भरायची ते आरसीवरच्या वजनांवरून काढा. भरल्या गाडीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं, त्यातून बसणारी माणसं वजा. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून आपलं सामान न्या. शेजाऱ्याचं भाड्याने नेऊ नका, ते परवान्याचं काम आहे.

दुसरी गोष्ट दुर्बिणवाल्यांसाठीच. दार सरकवलं की आतला दिवा लागतो, आणि अर्धा तास काळोखाला सरावलेल्या सगळ्यांचे डोळे एका क्षणात जातात. मी पहिल्याच खेपेला शिव्या खाल्ल्या. आता बल्ब काढून ठेवलाय आणि डॅशबोर्डवर लाल जिलेटिन चिकटवलेली टॉर्च असते.

गाडी आल्यावर दोन आठवड्यांनी, २८ ऑक्टोबर २०२३ ला, कोजागिरी होती आणि त्याच रात्री खंडग्रास चंद्रग्रहण. काळोख नकोच होता, म्हणून वांगणीऐवजी जवळच पाम बीच रोडकडे मोकळी जागा शोधली. मागच्या सीटवर नळी, पुढे सासूबाई. त्या आल्याच. आटवलेलं मसाला दूध त्यांनी स्टीलच्या डब्यात पायाशी धरलं होतं, आणि ग्रहण सुटेपर्यंत कुणालाही थेंब दिला नाही. एक वाजून गेल्यावर चंद्राचा जेमतेम एक कोपरा झाकला गेला, अडीचच्या आत सुटलाही. दूध इंजिनावरच्या सीटपाशी राहिल्याने अजून कोमट होतं.